रिळावरची लड

नेवाशाहून एक पत्र आलंय. लिहिणारी मुलगी सहावीत आहे. अक्षर गोल आणि नीटनेटकं. पण पत्राच्या मधोमध पेन्सिलीनं काढलेलं, दोनदा खोडलेलं आणि शेवटी निळ्या स्केचपेननं गिरवलेलं एक चित्र आहे. ती लिहिते :

‘‘काका, आईच्या शिवणाच्या डब्यात एक जुनं रीळ सापडलं. त्याला लाल चकचकीत दोरा आहे. रिळाच्या टोकाला गोल कागद चिकटवलाय, त्यावर चिनी अक्षरं आहेत. बाकीची पुसट झालीत. एक नीट दिसतंय, ते काढून पाठवतेय. त्याचा अर्थ काय? आणि आणखी एक. आमच्या वर्गात सांगितलं की रेशीम चीनमधून आलं. मग त्याआधी आपल्याकडे रेशीम नव्हतंच का?’’

पत्र वाचून मला हसू आलं. मुलीला नव्हे हं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालंय हे. हा प्रश्न महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्याही गावातून आला असता तर गोष्ट वेगळी. पण नेवाशाहून! तो कळसा कुठला, ते सांगतोच. आधी अक्षर.

तिनं काढलेल्या चित्रात दोन सारख्याच आकृत्या शेजारी-शेजारी उभ्या आहेत, जणू जुळ्या बहिणी. त्यातली एकच आधी घ्या. वर एक छोटी घडी, कोपर वाकवावं तशी. तिच्याखाली तशीच दुसरी घडी आणि तिला जोडून एक टिंब. मग खाली मधोमध एक उभा फराटा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टिंबासारखा फराटा. झाले सहा फराटे. शेजारी पुन्हा तेच सहा. असं हे बारा फराट्यांचं अक्षर. त्याचा उच्चार साधारण ‘स्स’ असा करायचा, दातांवर दात ठेवून. अर्थ : रेशीम, रेशमाचा धागा.

आता या घड्या आणि टिंबांत रेशीम कुठं दिसतं? आजच्या अक्षरात पाहाल तर नाहीच दिसणार. म्हणून घरात लोकर असेल तर थोडी घ्या. पंजाभोवती वीस-पंचवीस वेढे गुंडाळा, वेढे अलगद काढा आणि मधोमध एक पीळ द्या. इंग्रजी आठाचा आकडा तयार होतो की नाही? वर एक वेटोळं, खाली एक वेटोळं, आणि टोकाशी दोन-तीन सुटे धागे लोंबतायत. हीच ती लड. बाजारात रेशमाची लड मिळते ती अशीच पीळ घातलेली असते, म्हणजे गुंता होत नाही.

चिनी माणसानं सर्वांत आधी जेव्हा हे अक्षर काढलं तेव्हा त्यानं सरळ लडीचं चित्र काढलं होतं : आठाचा आकडा आणि वर-खाली सुटे धागे. पुढे हाडावर कोरायचं तसं बांबूच्या पट्टीवर आणि कापडावर कुंचल्यानं लिहायचं असं झालं. कुंचल्याला गोल वेटोळी काढण्यापेक्षा कोपरे सोपे. मग वेटोळ्यांच्या घड्या झाल्या आणि लोंबणाऱ्या धाग्यांचे फराटे. १९५६ मध्ये चीनच्या सरकारनं लिपी सोपी करायचं काम हाती घेतलं, तेव्हा या बारा फराट्यांचे पाच झाले. खालचे सगळे सुटे धागे गेले आणि त्यांच्या जागी एकच आडवी रेघ आली. तैवान आणि हाँगकाँगमध्ये मात्र अजून जुनंच वळण चालतं. तुझ्या आईच्या रिळावर जुनं वळण आहे. (मला विचाराल तर मला जुनंच आवडतं. लिहायला वेळ लागतो खरा, पण धागे तरी दिसतात.)

एक गोष्ट इथं लक्षात घ्यायला हवी. आपला ‘क’ म्हणजे फक्त एक आवाज. ‘क’ला स्वतःचा काही अर्थ नाही. तो कमळात येतो, कावळ्यात येतो आणि कटकटीतही येतो. चिनी अक्षराचं तसं नाही. तिथं एका अक्षराला आवाजही असतो आणि अर्थही. त्यामुळे आपल्यासारखी मुळाक्षरं पाठ करून भागत नाही. रोजचं वर्तमानपत्र वाचायला दोन-तीन हजार अक्षरं ओळखता यावी लागतात. चिनी मुलं ती शाळेत वर्षानुवर्षं चौकटींच्या वहीत गिरवत बसतात. आपल्या बाराखडीला नावं ठेवणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

या अक्षराचं वय किती? त्याचीही मजेदार हकिकत आहे. चीनमध्ये औषधाच्या दुकानांत ‘ड्रॅगनची हाडं’ म्हणून जुनी हाडं विकली जायची. ती कुटून काढ्यात घालत. १८९९ मध्ये वांग यीरोंग नावाच्या एका विद्वान अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की यातल्या काही हाडांवर कोरलेली अक्षरं आहेत. ते आजारी असताना त्यांच्या स्वतःच्या औषधातच तशी हाडं निघाली असं सांगतात. ती दंतकथाही असेल. पण हाडं खरी होती. ती आनयांग या गावच्या परिसरातून येत होती आणि तिथं शांग घराण्याच्या राजांची राजधानी होती. हे राजे कासवाच्या पोटाकडच्या कवचावर आणि बैलाच्या खांद्याच्या हाडावर देवाला प्रश्न विचारत. पाऊस पडेल का? राणीला मूल सुखरूप होईल का? हाड तापवायचं, त्याला तडे गेले की त्यावरून उत्तर ठरवायचं आणि प्रश्न तिथंच कोरून ठेवायचा. १९२८ पासून तिथं रीतसर उत्खनन झालं. त्या हाडांचा काळ साधारण इसवी सनापूर्वी १२५० ते १०५० असा. म्हणजे आजपासून तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी. त्यांच्यावर ही आपली लड कोरलेली सापडते.

तीन हजारांहून अधिक वर्षं. हा आकडा ध्यानात ठेवा. नेवाशाला पोचल्यावर लागेल.

आता वापर. या अक्षरानं चिनी भाषेत किती ठिकाणी हातपाय पसरलेत पाहा. आपल्या स्वयंपाकघरातूनच सुरुवात करू. गिलकं, कुणाकडे घोसाळं म्हणतात, त्याला चिनी भाषेत ‘रेशीम-फळ’ म्हणतात, आणि त्यात हेच ‘स्स’ येतं. जून झालेलं गिलकं वाळवून सोललं की आत काय असतं? धाग्यांची जाळी! आजी त्यानं अंग घासायची. मांसाच्या किंवा भाजीच्या बारीक लांब चिरलेल्या काड्यांनाही ‘स्स’. भिंतीत पिळायच्या स्क्रूलाही शेवटी ‘स्स’, कारण त्याच्याभोवती धागा गुंडाळावा तशी खाच असते. आणि अगदी तिळभर, रतीभर म्हणायचं तर चिनी माणूस म्हणतो ‘एक स्स’. ‘त्याच्या कामात एका धाग्याचीही ढिलाई नसते’ असं तिथं नेटक्या माणसाचं कौतुक करतात.

पण खरी गंमत जोडाक्षरांत आहे. आपल्या जोडाक्षरांत आवाजाला आवाज जोडतात, त्यांच्यात बहुधा अर्थाची खूण एका बाजूला आणि आवाजाची खूण दुसऱ्या बाजूला. जुळ्यांपैकी एकीला घेऊन डावीकडे बसवलं की समजायचं, याचा संबंध धाग्याशी, दोऱ्याशी, विणण्याशी किंवा रंगवण्याशी असणार. दोरा, गाठ, बारीक, संपणं, चालू ठेवणं या सगळ्या अक्षरांत डावीकडे लड आहे. ‘गाठ’ घ्या. लग्न करणं यासाठी चिनी भाषेत जो शब्द आहे, त्यात पहिलं अक्षर हेच गाठीचं. आपणही लग्नगाठ म्हणतो. त्यांनी आपलं पाहून केलं नाही, आपण त्यांचं पाहून केलं नाही. दोरा हातात आला की माणसाला गाठ सुचतेच.

रंगांतही लड आहे. तांबडा, हिरवा, जांभळा. का, तर हे रंग बघायला मिळायचे ते रंगवलेल्या रेशमावर. पांढरा, काळा, पिवळा यांची अक्षरं मात्र लडीवाचून आहेत. कागदाच्या अक्षरातही लड आहे, आणि हे तर विचार करायला लावणारं. कागद झाडाचा, चिंध्यांचा. त्यात रेशीम कशाला? त्साय लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्यानं इ. स. १०५ मध्ये झाडाची साल, ताग, चिंध्या आणि जुनी मासे धरायची जाळी यांपासून केलेला कागद सम्राटापुढे ठेवला असं चिनी इतिहास सांगतो. त्याच्या आधी महत्त्वाचं लिखाण बांबूच्या पट्ट्यांवर किंवा रेशमी कापडावर व्हायचं. बांबू जड, रेशीम महाग. कागद आला आणि रेशमाची लिहिण्यातली जागा गेली, पण कागदाच्या अक्षरातली जागा अजून तशीच आहे.

इथं मात्र एक खड्डा आहे, त्यात भले भले पडतात. तांबड्या रंगाचं अक्षर पाहा. डावीकडे लड, उजवीकडे इंग्रजी कॅपिटल आयसारखी खूण. ती खूण एकटी आली तर तिचा अर्थ ‘काम’. झालं! लगेच कुणीतरी सांगतो : रेशीम अधिक काम म्हणजे तांबडा, कारण रेशमाचं काम करून हात लाल व्हायचे. ऐकायला किती छान वाटतं! पण ते खोटं आहे. ‘काम’ या खुणेचा उच्चार ‘गोंग’ आणि तांबड्याचा ‘होंग’. ती खूण इथं फक्त आवाज सुचवायला आली आहे, अर्थ सांगायला नाही. चिनी अक्षरांबद्दल अशा पुष्कळ गोड गोष्टी पुस्तकांतून सांगितल्या जातात. त्यांना आपल्या मराठीत फार चपखल शब्द आहे : सुतावरून स्वर्ग गाठणं. हेही ध्यानात ठेवा. नेवाशाला हेसुद्धा लागणार आहे.

आणखी दोनच अक्षरं सांगतो, ती सोडवत नाहीत.

पहिलं ‘चिंग’. याच्याही डावीकडे लड आहे. मूळ अर्थ मागावर ताणलेला उभा धागा. नेवाशाच्या शेजारी पैठण आहे, तेव्हा तुमच्याकडच्या मुलांना ताणा आणि बाणा समजावून सांगायला नको. आधी ताणा लावायचा, तो हलायचा नाही. मग बाणा आडवा इकडून तिकडे धावतो. ताणा स्थिर, सगळं कापड त्याच्या आधारावर. म्हणून जे ग्रंथ स्थिर, पिढ्यान् पिढ्या प्रमाण मानायचे, त्यांना चिनी लोक ‘चिंग’ म्हणू लागले. पुढं भारतातून बौद्ध भिक्षू ग्रंथ घेऊन गेले. त्या ग्रंथांना आपण काय म्हणतो? सूत्रं. आणि सूत्र म्हणजे? दोरा! मंगळसूत्रातलं सूत्र, सुतळीतलं सूत. भाषांतर करणाऱ्यांना नवा शब्द शोधायची गरजच पडली नाही. आपल्या दोऱ्याला त्यांचा दोरा तयार होता. इ. स. ६४१च्या सुमारास महाराष्ट्रात येऊन गेलेला युआन श्वांग (जुन्या पुस्तकांत ह्युएन त्संग) परत जाताना ६५७ ग्रंथ घेऊन गेला. त्यानं चिनीत आणलेल्या कितीतरी ग्रंथांच्या नावात शेवटी हेच ‘चिंग’ येतं. भूगोलाच्या तासाला मात्र याच अक्षराचा वेगळा उपयोग होतो. नकाशावरच्या उभ्या रेघा, आपले रेखांश, त्या चिनी भाषेत ‘ताण्याच्या रेघा’. आणि अक्षांश? बरोबर ओळखलंत, ‘बाण्याच्या रेघा’. सगळी पृथ्वीच मागावर लावलीय.

दुसरं अक्षर ‘सुन’, म्हणजे नातू, मुलाचा मुलगा. यात डावीकडे मूल आहे आणि उजवीकडे धागा. हाडांवरच्या अक्षरांतसुद्धा ते तसंच आहे : एक छोटं मूल, हात पसरलेलं, आणि त्याच्या बाजूला लड. इथं धागा आवाजासाठी नाही, अर्थासाठी आहे. मूल आणि त्याच्यापुढे चालू राहिलेला धागा. हे आडनावही आहे. चिनी कादंबरीतला तो खोडकर माकडराजा तुम्ही चित्रफितीत पाहिला असेल. युआन श्वांगच्या प्रवासावरूनच ती कादंबरी रचली, आणि त्यात भिक्षूबरोबर तो माकड असतो. त्याचं आडनाव सुन.

मूल आणि धागा. चला आता नेवाशाला.

नेवासा म्हटलं की सगळ्यांना आधी आठवतो तो पैसाचा खांब. ज्ञानेश्वर महाराजांनी त्याला टेकून शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पण गावात प्रवरेच्या काठी आणखी एक जागा आहे, तिथं शाळेच्या सहली फारशा जात नाहीत. तिला लाडमोड म्हणतात. पांढरीच्या मातीची टेकडी. एकाच जागी माणसं पुन्हा पुन्हा घरं बांधत राहिली, पडली की त्यांवरच नवी बांधली, म्हणून झालेली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ पासून तिथं खणायला सुरुवात केली. वरून खाली जाताना ते काळातही मागे मागे गेले. सातवाहनांचा थर लागला. त्याच्या खाली ताम्रपाषाण युगातली वस्ती लागली. तांबं नुकतंच वापरात आलेलं, दगडाची पाती अजून सुटलेली नाहीत, लोखंडाचा पत्ता नाही, अशी ती माणसं. त्यांना लिहिता येत नव्हतं. काळ? इसवी सनापूर्वी १४०० ते १००० च्या आसपास. म्हणजे तिकडे आनयांगला हाडावर लड कोरली जात होती, त्याच सुमाराला.

या माणसांचं लहान मूल दगावलं तर ती त्याला गावाबाहेर नेत नसत. मातीचे दोन रांजण घ्यायचे, त्यांची तोंडं एकमेकांना लावायची, मध्ये बाळाला ठेवायचं आणि घरातल्याच जमिनीखाली ते आडवे पुरायचे. वरून जमीन पुन्हा सारवायची. रोज त्याच जमिनीवर चूल, जेवण, झोप. यामागं त्यांची काय समजूत असेल यावर विद्वानांनी लिहिलंय. मला एवढंच वाटतं की त्या आईला मूल लांब न्यायचं नव्हतं.

अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती.

मणी राहिले यात नवल नाही, तांबं टिकतं. नवल हे की त्यातला दोरा राहिला. दोरा म्हणजे कापूस किंवा लोकर किंवा रेशीम. मातीत पाच-पंचवीस वर्षांत कुजून जायचा. मग हा तीन हजारांहून अधिक वर्षं कसा टिकला? पितळेच्या भांड्यात ताक राहिलं तर कळकतं, आई ओतून देते. तांब्यापितळेचा तो हिरवा कळंक विषारी असतो, जंतूंनाही मानवत नाही. मण्यांना मातीत कळंक चढला, तो दोऱ्यात उतरला, आणि दोरा खाणारे जंतू त्याच्या वाटेला गेले नाहीत. ज्या कळंकाला घरात आपण चिंचेनं घासून काढतो, त्यानं नेवाशाचा दोरा राखला.

त्या दोऱ्याची तपासणी ए. एन. गुलाटी यांनी केली. धाग्यांच्या शास्त्रातले ते जाणकार. मोहेंजोदडोला सापडलेल्या सुताचीही तपासणी त्यांनी आधी केली होती. १९६१ मध्ये त्यांचा अहवाल डेक्कन कॉलेजनं छापला. सूक्ष्मदर्शकाखाली नेवाशाच्या दोऱ्यात कापूस होता. आणि रेशीम.

तर नेवाशाच्या मुली, हा तुझ्या काखेतला कळसा. भारतात सापडलेला सर्वांत जुना रेशमी धागा कुठला, तर बरीच वर्षं तुझ्याच गावाचं नाव घेतलं जायचं.

आता थांबा. सुतावरून स्वर्ग गाठण्याची वेळ आली, कारण आपल्या हातात अक्षरशः सूत आहे! नेवाशाला रेशीम सापडलं. रेशीम चीनचं. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी चिनी व्यापारी प्रवरेच्या काठी आले होते? असं म्हणायचा मोह होतो खरा. पण ‘रेशीम चीनचं’ हा मधला टप्पा जरा तपासून पाहू.

चीनचं रेशीम तुतीच्या पानांवर पोसलेल्या किड्याचं. तो किडा चिनी माणसानं घरात पाळला, इतका की त्याच्या पतंगाला आता धड उडताही येत नाही. कोष गरम पाण्यात टाकायचे, धाग्याचं टोक शोधायचं आणि न तोडता ते उलगडत रहाटावर गुंडाळायचं. एका चांगल्या कोषातून हजार मीटरच्या आसपास अखंड धागा निघतो. रहाटावरून उतरवला की झाली लड, म्हणजे आपलं अक्षर. ही विद्या चीनची, यात शंका नाही. तिथं रेशमी कापडाचे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे तुकडे सापडलेत.

पण रेशमाचा किडा काही एकच नाही. आपल्या रानात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचा किडा असतो. भंडारा-गडचिरोलीकडे त्याच्या रेशमाला कोसा म्हणतात. तो कुणी चीनहून आणला नाही, तो इथलाच. त्याचे कोष रानात झाडावरच मिळतात. फुटलेल्या कोषाचे तंतू कापसासारखे पिंजून कातताही येतात. आणि २००९ मध्ये एक संशोधन छापून आलं, त्यानं तर सगळी मांडणीच बदलली. हडप्पा आणि चान्हुदडो इथल्या वस्तूंत रेशमाचे तंतू सापडले. काळ इसवी सनापूर्वी २४५० ते २०००, नेवाशाहून हजारभर वर्षांनी जुना. ते तंतू रानातल्या किड्यांचे होते, टसरच्या भाऊबंदांचे. चान्हुदडोला तर तेही मण्यांच्या माळेतच होते, बारीक बारीक मण्यांच्या.

म्हणजे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं : तुतीचं रेशीम चीनमधून आलं हे वर्गात सांगितलं ते बरोबर. पण त्याआधी आपल्याकडे रेशीम नव्हतं, हे बरोबर नाही. रेशीम होतं, रानातलं. नेवाशाच्या त्या माळेसाठी चिनी व्यापाऱ्याची गरजच नाही. आपल्या जुन्या भाषेनंही हा फरक बरोबर धरलाय. कोषापासून झालेलं ते ‘कौशेय’, हा शब्द पाणिनीला ठाऊक होता. आणि चीनहून येऊ लागलं ते ‘चीनांशुक’, कालिदासाच्या शाकुंतलात त्याचा ध्वज फडफडतो. वस्तू दोन, शब्द दोन. आपणच पुढं फारसीतल्या ‘अबरेशम’वरून ‘रेशीम’ हा एकच शब्द घेतला आणि दोन्ही त्यात घातली, म्हणून हा घोटाळा.

ज्ञानेश्वरांना लाडमोडच्या मातीखाली काय आहे हे कुठून ठाऊक असणार? पण गीतेच्या सातव्या अध्यायात दोऱ्यात ओवलेल्या मण्यांचा दाखला आहे, आणि तो समजावून सांगताना त्यांनी मणीही सोन्याचे केले आणि दोराही सोन्याचाच. सुमारे नऊ हजार ओव्या त्या गावात झाल्या. ओवी हा शब्दही ‘ओवणे’ यावरून आला असं मानतात. नेवाशाला ओवायची सवय जुनी दिसते.

आता तुझं रीळ. एक काम कर. तू काढलंस त्या अक्षराच्या आधीचं पुसट अक्षर भिंगातून पाहा. दोन फराटे, वर जुळलेले आणि खाली फाकलेले, जणू पाय फाकून उभा असलेला माणूस, असं काही दिसतंय का? किंवा आणखी एक अक्षर सोडून त्याच्या आधी? ते अक्षर ‘माणूस’. माणूस आणि ‘स्स’ एकत्र आले तर अर्थ होतो माणसानं केलेलं रेशीम, म्हणजे नकली रेशीम, रेयॉन. तसं असेल तर दोरा झाडाच्या लगद्यापासून कारखान्यात झालाय, किड्याचा त्याच्याशी संबंध नाही.

अक्षर दिसलंच नाही, तर दुसरा उपाय. आईला बरोबर घे, एकटीनं करू नकोस. बोटभर दोरा तोडून चिमट्यात धर आणि आईला तो पेटवायला सांग. खरं रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, कारण केस आणि रेशीम दोन्ही प्रथिनं, आणि मागे चुरगळणारी काळी राख राहते. रेयॉनला कागद जळल्याचा वास. आणि नायलॉन असेल तर तो वितळून त्याचा एक टणक मणी होतो.

काय निघालं ते पोस्टकार्डावर कळव. आणि जमलं तर त्या पुसट अक्षरांचंही चित्र काढून पाठव, खोडलेलं असलं तरी चालेल.